रेडिओ डेटा मोडेम

रेडिओ डेटा मोडेम हे संगणक, मापनयंत्रे आणि नियंत्रक यांच्यातील अंकीय माहिती तारेऐवजी रेडिओलहरींवरून पोहोचवणारे उपकरण आहे. 'मोडेम' हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या आद्याक्षरांच्या जोडणीतून तयार झाला. पाठवण्याच्या टोकाला तो माहितीतील शून्य व एक हे अंक वाहक लहरीवर चढवतो आणि घेण्याच्या टोकाला ते उतरवून पुन्हा अंकांच्या रूपात देतो. या चढवण्याच्या क्रियेला मराठीत विरूपण असेही म्हणतात. परंतु व्यवहारात मॉड्युलेशन हाच शब्द रुळला आहे. 'बिनतारी' हा शब्द मात्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागामुळे महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे आणि तो या उपकरणासही नेमका लागू पडतो.

घरातील वायफायचा राउटर हाही तत्त्वतः रेडिओ मोडेमच होय. तरीही या नावाने सामान्यतः वेगळ्या जातीचे उपकरण ओळखले जाते. ते कमी वेगाचे असते, सेकंदाला काही शे ते काही लाख बिट एवढेच त्याचे काम असते. पण ते कित्येक किलोमीटरवर पोहोचते आणि बहुधा सीरियल जोडणीतून वापरले जाते. धरणाच्या पाणीपातळीची नोंद, पाणीपुरवठा योजनेतील टाकी व पंप यांचा मेळ, विद्युत उपकेंद्रांतील स्विच, तेलवाहिन्यांवरील झडपा, हवामान केंद्रे अशा ठिकाणी त्याचा उपयोग होतो. अशा जागी माहिती थोडी असते, परंतु ती वेळेवर पोहोचली नाही तर टाकी वाहून जाते किंवा कोरड्या विहिरीत पंप जळतो.

इतिहास

रेडिओवरून संगणकीय माहिती पाठवण्याचा पहिला मोठा प्रयोग हवाई विद्यापीठात झाला. हवाईची बेटे समुद्राने विलग झालेली. विद्यापीठाची आवारेही निरनिराळ्या बेटांवर. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये 'अलोहानेट' हे जाळे सुरू केले. त्यात सर्व दूरस्थ स्थानके एकच वाहिनी वापरत. ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे, पोच मिळाली नाही तर यदृच्छेने ठरलेला काळ थांबून तोच संदेश पुन्हा पाठवावा, असा साधा नियम होता. दोघे एकाच वेळी बोलले की दोन्ही संदेश नासत. अब्रामसन यांनी गणिताने दाखवले की, या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्केच उपयोगात येऊ शकते. स्थानकांनी ठरावीक कालखंडाच्या आरंभीच बोलावे असा निर्बंध घातला की हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होते. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची रचना करताना याच कल्पनेचा आधार घेतला. आज कार्यालयांतून भिंतीत पुरलेल्या केबलींचे मूळ असे हवेत आहे.

हौशी रेडिओ चालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, ही विद्या सामान्य माणसाच्या टेबलावर आणली. कॅनडातील माँट्रिअल येथे १९७८ मध्ये हौशी पॅकेट रेडिओचे पहिले प्रक्षेपण झाले. १९८० च्या दशकात 'टर्मिनल नोड कंट्रोलर' नावाची छोटी पेटी प्रचारात आली. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला साधा व्हीएचएफ रेडिओसंच आणि मध्ये ही पेटी. ती शून्य व एक यांच्यासाठी १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर वापरी आणि सेकंदाला १२०० बिट पाठवी. संदेशाची बांधणी एएक्स.२५ या नियमावलीप्रमाणे होई. तिच्यात पत्ता म्हणून चालकाचे परवान्यातील बोधचिन्हच वापरले जाते. ही पद्धत आजही जिवंत आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील पॅकेट संच १४५.८२५ मेगाहर्ट्झवर याच सुरांत बोलतो आणि योग्य परवाना असलेला विद्यार्थी हातातल्या संचाने त्याच्याशी संपर्क साधू शकतो. हौशी परवान्यावर व्यावसायिक संदेश मात्र पाठवता येत नाहीत.

मोडेमला आज्ञा देण्याची भाषा टेलिफोन मोडेमकडून आली. हेज या अमेरिकी कंपनीने १९८१ च्या स्मार्टमोडेममध्ये 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ केल्या. अनेक रेडिओ मोडेम आजही त्याच धाटणीच्या आज्ञा मानतात. माहितीच्या प्रवाहातून आज्ञांच्या अवस्थेत येण्यासाठी थोडा वेळ शांत राहायचे, तीन अधिक चिन्हे पाठवायची आणि पुन्हा शांत राहायचे. ही शांतता महत्त्वाची असते, कारण तिच्यावरूनच मोडेम खरी आज्ञा आणि माहितीत सहज आलेली तीन चिन्हे यांतला फरक ओळखतो.

वारंवारता आणि कायदा

भारतात रेडिओ प्रक्षेपण ही परवान्याची बाब आहे. मात्र काही पट्टे कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त केलेले आहेत. रेडिओ मोडेमच्या दृष्टीने त्यांतील सर्वांत उपयुक्त पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा होय. २००५ च्या नियमांनुसार तेथे प्रेषकाची शक्ती १ वॅट, अँटेनासह प्रभावी उत्सर्जित शक्ती ४ वॅट आणि वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशा मर्यादा घालण्यात आल्या. २०२१ मध्ये पट्ट्याची वरची सीमा ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही खुला आहे. पण तेथे वायफाय आणि ब्लूटूथ यांची गर्दी असते आणि झाडे व भिंती त्या लहरींना अधिक अडवतात. परवानामुक्त याचा अर्थ तपासणीमुक्त असा नव्हे. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची प्रकार-मान्यता असावी लागते. शिवाय या पट्ट्यात संरक्षण नसते. शेजाऱ्याच्या उपकरणाचा त्रास झाला तर तक्रारीस जागा नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेसाठी बनवलेले अनेक मोडेम ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि ऑनलाइन बाजारात ते सहज, कधी स्वस्तातही मिळतात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. असा मोडेम येथे चालवणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने आसपासच्या लोकांचे फोन बिघडू शकतात. विकत घेताना पेटीवरील वेगाचा आकडा पाहण्याआधी वारंवारतेचा आकडा पाहावा.

मार्गाची पाहणी

मोडेम बसवण्याचे अर्धेअधिक काम मोडेम हातात घेण्यापूर्वीच होते. दोन्ही अँटेनांमध्ये थेट दृष्टिरेषा असावी, हे सर्वांना माहीत असते. परंतु दुर्बिणीतून समोरची टाकी दिसली म्हणजे मार्ग मोकळा आहे, हा समज अपुरा आहे. रेडिओलहर एका रेषेतून जात नाही. दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगीर अशा लंबगोल अवकाशातून जाते. या अवकाशाला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ८६६ मेगाहर्ट्झवर १० किलोमीटरच्या मार्गात मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे २९ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ १८ मीटर, दृष्टिरेषेच्या खाली मोकळा हवा. त्यात पृथ्वीच्या वक्रतेमुळे मध्यभागी येणारा सुमारे दीड मीटरचा उंचवटा मिळवावा आणि वाटेतल्या झाडांची उंचीही. सपाट माळरानावर अँटेनांना उंच खांब का लागतात, हे या हिशेबावरून ध्यानी येते. घाटमाथ्यावर एक टोक आपोआप उंच मिळते, म्हणून तेथे लांबचे दुवे सहज जमतात; पण मधली एखादी सोंड नकाशात दिसली नाही तर सारे फसते. पाहणीपूर्वी समोच्च रेषांचा नकाशा पाहणे म्हणूनच इष्ट.

ऋतूचाही विचार करावा लागतो. विदर्भातील साग उन्हाळ्यात पाने गाळतो. एप्रिलमध्ये निष्पर्ण सागवनातून उत्तम चालणारा दुवा ऑगस्टमध्ये, ओल्या पानांच्या भिंतीपुढे, मान टाकतो. या वारंवारतेवर पावसाच्या थेंबांनी होणारी हानी नगण्य असते. ओल्या पानांनी होणारी हानी नगण्य नसते. पाहणी उन्हाळ्यात केली असेल तर हिशेबात त्यासाठी जादा वाव ठेवावा.

शक्तीचा हिशेब

हा हिशेब डेसिबलमध्ये करतात, कारण त्यात गुणाकाराची बेरीज होते आणि आकडे हाताळण्याजोगे राहतात. १ मिलिवॅटला शून्य डीबीएम मानले की १ वॅट म्हणजे ३० डीबीएम. मोकळ्या अवकाशातील हानी काढण्याचे सूत्र असे: किलोमीटरमधील अंतराच्या लॉगची २० पट, मेगाहर्ट्झमधील वारंवारतेच्या लॉगची २० पट आणि ३२.४४ यांची बेरीज. १० किलोमीटर आणि ८६६ मेगाहर्ट्झसाठी ही हानी १११ डेसिबल येते.

समजा, मोडेमची शक्ती अर्धा वॅट, म्हणजे २७ डीबीएम आहे. प्रत्येक टोकाला केबलमध्ये २ डेसिबल जातात आणि प्रत्येक अँटेना ६ डेसिबलची वाढ देते. तर २७ उणे २ अधिक ६ उणे १११ अधिक ६ उणे २, म्हणजे पलीकडे पोहोचणारी शक्ती उणे ७६ डीबीएम. ग्राहकाला उणे १०५ डीबीएमपर्यंतची लहर वाचता येत असेल, तर २९ डेसिबलचा वाव शिल्लक राहतो. लहरींच्या परावर्तनामुळे होणाऱ्या चढउतारांचे साधारण गणित असे की, १० डेसिबल वाव असता दुवा ९० टक्के वेळ टिकतो, २० असता ९९ टक्के आणि ३० असता ९९.९ टक्के. ९९ हा आकडा परीक्षेत उत्तम वाटतो. पण वर्षाचा एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक. पुराचा इशारा देणाऱ्या केंद्राचे ते साडेतीन दिवस नेमके कोणते असतील, हे कोणी सांगावे?

वाव कमी पडल्यास नवखा माणूस प्रथम शक्ती वाढवू पाहतो. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल मिळतात. अँटेना काही मीटर उंच नेणे, केबल आखूड करणे किंवा हवेतील वेग कमी करणे हे उपाय बहुधा अधिक फळ देतात आणि कायद्याच्या मर्यादेतही राहतात.

अँटेना आणि केबल

मध्यवर्ती स्थानकाला चोहीकडे बोलायचे असते, म्हणून तेथे सर्वदिश अँटेना, तर एकाच दिशेला पाहणाऱ्या दूरस्थ स्थानकांवर यागी अँटेना लावतात. छतावर पूर्वी दिसणाऱ्या दूरदर्शनच्या अँटेनाचीच ती धाकटी बहीण. मध्यवर्ती अँटेना उभी असल्याने यागीच्या काड्याही उभ्याच ठेवाव्या लागतात. त्या आडव्या लावल्या तर दिशा बरोबर असूनही २० डेसिबलच्या आसपास हानी होऊ शकते. दूरदर्शनच्या अँटेनांची सवय असलेला कारागीर त्या हमखास आडव्या बसवतो, हे लक्षात ठेवावे.

केबल हा दुर्लक्षिला जाणारा भाग. बारीक आरजी-५८ केबल या वारंवारतेवर दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल खाते. अशी २० मीटर केबल खांबावर चढवली की मोडेमच्या शक्तीचा दहावा हिस्साच अँटेनापर्यंत पोहोचतो आणि बाकीची केबल तापवण्यात खर्च होते. जाड, कमी हानीच्या केबलीत हीच हानी अडीच-तीन डेसिबलवर येते. अँटेना आणि केबल यांचा मेळ एसडब्ल्यूआर मापकाने पाहतात. १.५ हे गुणोत्तर आले तर ४ टक्के शक्ती परत फिरते, ते चालते. ३ आले तर २५ टक्के परत फिरते. तेव्हा जोड उघडून पाहणे भाग आहे. अँटेना न जोडता मोडेमला प्रक्षेपण करू देऊ नये. परतणाऱ्या शक्तीने त्याचा अंतिम टप्पा निकामी होऊ शकतो.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर खरा शत्रू म्हणजे जोडांत शिरणारे पाणी. प्रत्येक जोड स्वतःत मिसळून जाणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळावा, तिच्यावर साधी पट्टी खालून वर गुंडाळावी म्हणजे पन्हाळीच्या कौलांप्रमाणे वरचा पदर खालच्यावर येतो. आणि केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, जेणेकरून पाणी त्या झोळावरून गळून पडेल. केबल पेटीत शिरते तेथे वीजरोधक बसवून तो, खांब आणि पेटी ही तिन्ही एकाच भूमिजोडणीला जोडावीत. निरनिराळ्या जागी गाडलेल्या सळयांना ती वेगवेगळी जोडली, तर जवळपास वीज पडताच त्या सळयांतील दाबाचा फरक मोडेममधूनच वाट काढतो.

सीरियल जोडणी आणि मांडणी

मोडेम खांबावर नेण्याआधी दोन्ही मोडेम एकाच टेबलावर चालवून पाहावेत. तेथे शक्ती सर्वांत कमी ठेवावी आणि शक्य तर अँटेनाऐवजी ५० ओहमचा कृत्रिम भार लावावा, कारण इतक्या जवळून येणाऱ्या लहरीने ग्राहक भांबावतो आणि चांगला मोडेमही सदोष भासतो.

मोडेम आणि यंत्र यांच्यातील जोडणी आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ प्रकारची असते. पहिलीत नऊ खिळ्यांच्या जोडात दोन, तीन आणि पाच या तीन तारांवर काम भागते. ती काही मीटरपुरती असते. दुसरी दोन पिळलेल्या तारांवर १२०० मीटरपर्यंत जाते आणि एका जोडीवर अनेक यंत्रे बसवू देते. दोन्ही बाजूंचा वेग, बिटांची संख्या, पॅरिटी आणि थांबा-बिट जुळलेच पाहिजेत. ९६०० वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, एक थांबा-बिट ही सर्वपरिचित मांडणी होय. तिच्यात प्रत्येक अक्षरास आरंभ-बिट धरून दहा बिट लागतात, म्हणून सेकंदाला ९६० अक्षरे जातात. पडद्यावर काहीच आले नाही तर तारा उलट जोडल्याची शंका घ्यावी. अगम्य चिन्हे आली तर वेग जुळलेला नाही असे समजावे.

सीरियल वेग आणि हवेतील वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच होतो. पहिला यंत्र आणि मोडेम यांच्यातील, दुसरा मोडेम आणि मोडेम यांच्यातील. पहिला दुसऱ्यापेक्षा जास्त ठेवला तर मोडेमच्या आतील साठा भरून वाहू लागतो. तेव्हा यंत्राला थांबा म्हणणाऱ्या आरटीएस व सीटीएस या तारा जोडाव्या लागतात किंवा संदेश लहान ठेवावे लागतात. हवेतील वेग जितका कमी, तितकी ग्राहकाची संवेदनक्षमता अधिक. काम भागेल एवढा सर्वांत कमी वेग निवडावा.

यानंतर वाहिनी, जाळ्याचा ओळख-क्रमांक, प्रत्येक मोडेमचा पत्ता आणि शक्ती ठरवायची. जाळ्याचा क्रमांक कारखान्यातून आला तसाच ठेवू नये. शेजारच्या योजनेने तोच ठेवला असला, तर एकाची टाकी भरल्याची वार्ता दुसऱ्याच्या पंपाला मिळते.

सर्वांनी एकदम बोलू नये म्हणून

औद्योगिक जाळ्यांत बहुधा मध्यवर्ती स्थानक एकेकाला विचारते आणि विचारल्यावरच दूरस्थ स्थानक उत्तर देते. वर्गात हजेरी घ्यावी तसे. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली मॉडबस नियमावली याच पद्धतीची आहे. मात्र ती तारेसाठी रचली गेली होती आणि तिचा एक नियम रेडिओवर घात करतो. मॉडबसच्या आरटीयू प्रकारात साडेतीन अक्षरांएवढी शांतता आढळली की संदेश संपला असे मानतात. ९६०० च्या वेगावर ही शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची असते. मोडेमने एका संदेशाचे दोन तुकडे करून पाठवले आणि त्यांत याहून अधिक अंतर पडले, तर पलीकडचे यंत्र दोन्ही तुकडे फेकून देते. लहर जोरदार, मोडेमचे दिवे व्यवस्थित लुकलुकतात आणि उत्तर मात्र येत नाही, अशा कोड्याचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. उपाय म्हणजे मोडेममधील तुकड्याची कमाल लांबी संदेशापेक्षा मोठी ठेवणे आणि संदेश पूर्ण आल्यावरच तो पुढे देण्याची सोय चालू करणे.

दुसरी गोष्ट प्रतीक्षाकाळाची. तीस स्थानके आहेत आणि प्रत्येकाच्या प्रश्नोत्तरास ०.३ सेकंद लागतात असे धरले, तर एक फेरी ९ सेकंदांत होते. त्यांतील तीन बंद पडली, प्रतीक्षाकाळ १ सेकंद आहे आणि प्रत्येकी तीनदा विचारले जाते, तर त्या तिघांवर ९ सेकंद वाया जातात; उरलेल्या सत्तावीसांना ८.१ सेकंद लागतात. म्हणजे तीन बंद स्थानकांमुळे इतरांची वार्ता जवळजवळ दुप्पट उशिरा येते. म्हणून बंद स्थानकाला काही काळ हजेरीतून वगळणारी सोय मध्यवर्ती यंत्रात असावी.

स्थानकांना आपणहून बोलू दिले की अलोहानेटचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. बोलण्यापूर्वी वाहिनी मोकळी आहे का हे ऐकणे, हा उपाय पुरेसा नसतो. डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या दोन स्थानकांना माथ्यावरचे केंद्र ऐकू येते, पण एकमेकांचा आवाज येत नाही. दोघांनाही वाहिनी मोकळी वाटते आणि माथ्यावर दोन्ही संदेश आदळतात. यास लपलेल्या स्थानकाचा प्रश्न म्हणतात. प्रत्येकाला वेळेचा स्वतंत्र खंड देणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. मध्ये पुनर्प्रक्षेपक ठेवून अंतर वाढवता येते. मात्र तो आधी ऐकून मग त्याच वाहिनीवर बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्यागणिक वेग निम्मा होतो.

वीजपुरवठा

दुर्गम जागी मोडेम सौरऊर्जेवर चालतो. पाठवताना घेतला जाणारा मोठा प्रवाह पाहून बॅटरीचा अंदाज बांधणे ही सार्वत्रिक चूक आहे. १२ व्होल्टवर ऐकताना ६० आणि पाठवताना ६०० मिलिॲम्पिअर घेणारा मोडेम दोन टक्के वेळच पाठवत असेल, तर सरासरी सुमारे ७१ मिलिॲम्पिअर येते आणि त्यातील ५९ निव्वळ ऐकण्यावर खर्च होतात. दिवसाचा खर्च १.७ ॲम्पिअर-तास. आषाढात सात दिवस ऊन पडणार नाही असे धरले तर १२ ॲम्पिअर-तास आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसेल तर २४ ॲम्पिअर-तासांची बॅटरी हवी. मोडेमला अधूनमधून निजवता आले तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. मोडेमपर्यंतची वीजतार बारीक असेल, तर पाठवण्याच्या क्षणी दाब कोसळून मोडेम पुन्हा आरंभापासून सुरू होतो; ऐकतो पण बोलत नाही, अशी तक्रार आली की प्रथम तीच तपासावी.

सुरक्षा

रेडिओलहर कुंपण जाणत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मारूची शायर येथे २००० साली याचा कडू धडा मिळाला. तेथील सांडपाणी व्यवस्थेची १४२ पंपकेंद्रे रेडिओने जोडलेली होती. ती व्यवस्था उभारणाऱ्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने लॅपटॉप आणि रेडिओसंच घेऊन, मोटारीतून फिरत पंपांना खोट्या आज्ञा दिल्या. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्याने, नाले आणि एका हॉटेलच्या आवारात पसरले. बिघाड यंत्राचा आहे असे अभियंत्यांना बराच काळ वाटत राहिले. पुढे त्या माणसाला तुरुंगवास झाला.

म्हणून मोडेममधील एईएस गूढलेखन चालू करणे, कारखान्यातील गुप्तकिल्ली बदलणे आणि ती माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर न लिहिणे हे किमान कर्तव्य आहे. त्याहून मूलभूत गोष्ट नियंत्रकाची. दुवा तुटल्यास यंत्राने काय करावे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. टाकीकडून ठरावीक मिनिटांत वार्ता न आल्यास पंपाने आपणहून थांबावे. 'चालू' ही शेवटची आज्ञा धरून बसू नये. आणीबाणीचा थांबा-स्विच तर कधीही रेडिओवर अवलंबून ठेवू नये.

पर्याय

मोबाइल जाळ्यावर चालणारे सिमकार्डाचे मोडेम आता स्वस्त झाले आहेत आणि जेथे मनोऱ्याची लहर चांगली आहे तेथे तेच सोयीचे. पण महापुरात वीज जाते, मनोरे बंद पडतात आणि नेमक्या त्या वेळी नदीची पातळी कळणे गरजेचे असते. तेथे स्वतःच्या मालकीचा दुवा श्रेष्ठ ठरतो. दुसरा पर्याय लोरा या पद्धतीचा. सायक्लिओ या फ्रेंच कंपनीने ती विकसित केली आणि २०१२ मध्ये सेमटेक कंपनीने सायक्लिओ विकत घेतली. लोरामध्ये वाहकाची वारंवारता पट्टाभर सरकत जाते आणि त्यामुळे गोंगाटाच्या पातळीखालची लहरही वाचता येते. किंमत वेगाने चुकवावी लागते. १२५ किलोहर्ट्झच्या वाहिनीत प्रसार-गुणक ७ असता सेकंदाला सुमारे ५५०० बिट जातात, १२ असता तीनशेहूनही कमी. भारतासाठी लोरावॅनच्या तीन मूळ वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ या आहेत. जमिनीतील ओलावा तासातून एकदा कळवायला ही पद्धत उत्तम. तीस केंद्रांची हजेरी दर दहा सेकंदांनी घ्यायची असेल तर मात्र जुन्या धाटणीचा अरुंद पट्ट्याचा मोडेमच वापरावा लागतो.